काळ्या दोऱ्याचा हात

सोमवार, २९ जून १९९८

प्रशिक्षणातून नवीन टूम निघाली आहे. शिक्षकाने रोज संध्याकाळी स्वतःच्या शिकवण्याबद्दल प्रांजळपणे चार ओळी लिहायच्या आणि महिनाअखेर ती वही केंद्रप्रमुखांकडे सहीला द्यायची. सहीला द्यायची वही प्रांजळ कशी असेल, असं विचारायचं जिभेवर आलं होतं, पण गिळलं. आज येताना दोन वह्या आणल्या. एक निळ्या कव्हरची, सहीची. तिच्यात लिहिलं, "मुलांनी आनंदाने सहभाग घेतला." ही दुसरी माझी. ही माझ्या बायकोच्या, रतनच्या, शिवणमशीनच्या खणात राहील. तिला वाचायची तर वाचू दे, तिच्यापासून आजवर काय लपलंय?

तर प्रांजळपणे. माझी शाळा शिरूरपासून अकरा किलोमीटरवर, न्हावऱ्याच्या रस्त्याला, धनगरांच्या वस्तीवर आहे. चार वर्ग, एक्केचाळीस मुलं, दीड खोली. शिक्षकांच्या जागा दोन, शिक्षक एक. नोकरीला एकवीस वर्षं झाली. माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं आहे, कुणाचाही निरोप समारंभ असला की मानपत्र लिहायला मलाच बोलावतात. शिकवतो कसा, हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

आज मारुतराव आले होते. हे आमचे केंद्रप्रमुख, आसपासच्या बारा शाळा यांच्याकडे आहेत. माणूस वाईट नाही, फक्त वरून आलेला शब्द खाली पोचवेपर्यंत त्यांना जेवण जात नाही. म्हणाले, "बबनराव, गुरुवारी विस्तार अधिकारी साहेब तुमचा पाठ बघणार. आता गुरुजी काय बोलतात ते बघायचं नाही. मुलं किती भाग घेतात ते बघायचं. एकही हात खाली दिसता कामा नये."

मी म्हणालो, "दिसणार नाही."

गुरुवार, २ जुलै

जमलं. जमणारच होतं.

अपूर्णांक घेतला. वस्तीवरून पाच भाकरी मागवल्या आणि मुलांसमोर मोडल्या, ही अर्धी, ही पाव, ही पाऊण. प्रश्न विचारला की एक्केचाळीस हात वर. पहिलीतली पोरंसुद्धा, ज्यांना भाकरी खायच्या पलीकडे काही माहीत नाही. ज्याला विचारावं तो बरोबर उत्तर देई. साहेब खुर्चीवरून उठले आणि भिंतीला टेकून बघत राहिले. शेवटी मुलांनी सगळे अपूर्णांक चटणीबरोबर खाल्ले.

आता ही प्रांजळ वही आहे म्हणून लिहून ठेवतो. माझ्या वर्गात ज्याला येतं त्याने उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्याने डावा. मी फक्त उजव्यांना विचारतो. बघणाऱ्याला सगळे हात सारखेच. युक्ती माझी नाही. मी तिसरी-चौथीत असताना तपासणीला डिपोटी साहेब यायचे, त्याआधी आमच्या गुरुजींनी ती आम्हाला शिकवली होती. मी स्वतः दोन वर्षं डावा होतो. वाईट वाटायचं नाही, उलट सुटल्यासारखं वाटायचं. येत नसलेल्या पोराला चारचौघांत उभं करून रडवण्यापेक्षा हे बरं, असं माझं आजही मत आहे.

एकच गडबड झाली. चौथीतली नकुशी, भिमाजींची पोरगी, डावी असून तिने तिन्ही वेळा उजवा हात वर केला. नशीब, माझ्या लक्षात आलं आणि मी तिच्यावरून नजर पुढे नेली. गेल्या वर्षी डिसेंबरात ती आमच्या शाळेत आली. त्याआधी आजोळी होती. आली त्याच आठवड्यात मी तिला वाचायला उभं केलं होतं, तर पुस्तक धरून नुसती पायांकडे बघत राहिली. तेव्हापासून तिला डाव्यांत घातली.

जाताना साहेब म्हणाले, "शंभर टक्के सहभाग! गुरुजी, हे शिरूर-दौंड दोन्ही तालुक्यांतल्या शिक्षकांना कळलं पाहिजे."

घरी रतनला सगळं सांगितलं. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "म्हणजे न येणाऱ्यांना विचारायचंच नाही. मग त्यांना येणार कधी?" शिवणकाम करणाऱ्या बाईला शिक्षणशास्त्र कुठून समजावणार?

सोमवार, ६ जुलै

नकुशीला जवळ बोलावून विचारलं, "उजवा कोणता?" तिने उजवा दाखवला. "डावा?" डावा दाखवला. तरी वर्गात चुकते म्हणजे घाबरून गोंधळते. रतनच्या खणातून काळा दोरा आणला होता, तो तिच्या डाव्या मनगटाला बांधला. म्हटलं, "विचारलं की ज्या हाताला दोरा, तो वर करायचा. डोक्याला ताण नाही."

ती दोऱ्याकडे बघत म्हणाली, "आन् येत असंल तर, गुरुजी?"

"यायला लागलं की दोरा काढू."

मान हलवून जागेवर गेली. पोरगी गुणी आहे, सांगितलेलं ऐकते.

शनिवार, २५ जुलै

ऑर्डर आली. मला 'तज्ज्ञ मार्गदर्शक' केलंय. सप्टेंबरात दौंडला दहा दिवसांचं प्रशिक्षण आहे, शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांतले शिक्षक. त्यांच्यापुढे मी 'शंभर टक्के सहभाग' या विषयावर दीड तास बोलायचं.

मारुतरावांना म्हटलं, "मला यातून वगळा. घशाचा त्रास आहे." ते हसले. त्यांना युक्ती माहीत आहे, ते स्वतःही गुरुजीच होते. "साहेबांनी वर कळवलंय, बबनराव. आता घसा बरा करा." मग जरा थांबून म्हणाले, "आणि मला काही सांगू नका. मला माहीत नाही म्हणजे नाही."

शनिवार, ८ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर भिमाजी आले. चार वर्षांपूर्वीपर्यंत यांची मेंढरं होती. आता विहिरीवर कांदा आणि मिरची करतात. टोपी काढून हातात धरली आणि दारातच उभे राहिले.

"गुरुजी, आमच्या नकुशीचं डोकं चालतं का?"

"का हो?"

"पाचवीला न्हावऱ्याला धाडावं लागंल. जाऊन येऊन धा किलोमीटर. डोकं असंल तर धाडतो, सायकल बी घेतो. नसंल तर आमची भन हाय सणसवाडीला. नवरा-बायकू दोघंबी कंपनीत. त्येंचं ल्हान प्वार सांभाळायला पोरगी पायजेल. तुम्ही म्हनाल तसं."

मी खोटं बोललो नाही. म्हणालो, "भिमाजी, पोरगी शांत आहे, नियमित येते. पण अभ्यासात जेमतेम. सही करण्यापुरतं येईल. पुढचं झेपेल असं वाटत नाही."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मंग चौथी बास. बरं झालं इचारलं."

नकुशी व्हरांड्यात बसून होती. ऐकलं असेल. जाताना मला नमस्कार करून गेली.

गुरुवार, १० सप्टेंबर, दौंड

हॉलमध्ये नव्वद शिक्षक, चार पंखे, त्यांतले दोन चालू. पहिला पाऊण तास मी सहभागाचे टप्पे, सहभागाचे फायदे, सहभागाचे अडथळे सांगितले. मागच्या तीन ओळी झोपल्या. पुढची ओळ झोपली नाही, कारण साहेब तिथं बसले होते.

चहाच्या वेळी साहेब गेले आणि वीसेक जणांनी मला कोंडाळ्यात घेतलं. "बबनराव, ते सगळं राहू द्या. खरं काय करता ते सांगा."

नाही सांगायचं ठरवून आलो होतो. पण एकवीस वर्षांत माझं कुणी इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं. सांगून टाकलं. एकच हशा पिकला. कुणी पाठीवर थाप मारली. दोघांनी तर वहीत उतरवून घेतलं, "उजवा: येते. डावा: येत नाही." दहा दिवसांत एवढ्या आवडीने लिहून घेतलेली ही एकच गोष्ट असेल.

एक बाई हसल्या नाहीत. शेवंताबाई, भीमेकाठच्या कुठल्याशा वस्तीवर एकशिक्षकी शाळा चालवतात, दोन वर्षांत निवृत्त होतील. बशीत चहा ओतत म्हणाल्या, "मग डाव्या हाताच्या पोरांना कधी विचारता हो गुरुजी?"

"नंतर."

"नंतर म्हंजी कवा?"

मी चहाचा कप ठेवला आणि हॉलकडे वळलो.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

मार्गदर्शक म्हणून आता महिन्यातून दोन शाळांना भेट द्यायची. आज दौंडच्या बाजूला गेलो होतो. गुरुजी तरुण आहेत, प्रशिक्षणात दुसऱ्या ओळीत बसलेले. मला बघून डोळा मारला आणि मुलांना मोठ्याने प्रश्न विचारला. सगळे हात वर.

मी मागे बसलो होतो. इतकी वर्षं मी हे हात फळ्यापाशी उभा राहून बघितले, मागून कधी बघितले नव्हते. मोजले. एकतीस मुलं. उजवे आठ, डावे तेवीस.

विचारलं ते आठांना. तेवीस मुलं पाऊण तास हात वर धरून बसली. मधून मधून दुसऱ्या हाताने खांद्याला आधार देत होती.

भेटीच्या फॉर्मवर काय लिहावं ते कळेना. डावे-उजवे लिहायचं तर पहिलं माझंच नाव येतं. शेवटी माझ्या त्या नावाजलेल्या अक्षरात लिहिलं, "सहभाग समाधानकारक." त्या गुरुजींनी मला एसटीपर्यंत सोडलं. म्हणाले, "सर, तुमच्यामुळं आमची तपासणी सुखात गेली." गाडीत बसायला जागा होती तरी शिरूरपर्यंत उभाच राहिलो.

निळ्या वहीत आज काही लिहिलं नाही. मारुतराव विचारतील.

रविवार, १० जानेवारी १९९९

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, किंवा मी लिहायचं टाळलं. आज लिहायलाच हवं.

सकाळी शिरूरच्या स्टँडवर पेपर आणायला गेलो. बाकावर भिमाजींच्या आई बानूबाई आणि शेजारी नकुशी. म्हातारीला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवून परत निघाल्या होत्या. मला बघून म्हातारीने पदर सावरला. म्हणाली, "गुरुजी, तुमचे लय उपकार. पोरीला दिष्ट लागू नये म्हनून तुम्ही सवता दोरा बांधला. सुटाया लागला तवा म्या हळद लावून पुन्ना गाठ मारली."

मी हसलो.

तेवढ्यात एक गाडी लागली. म्हातारी उठायला लागली तशी नकुशीने तिला खाली बसवलं. "ह्यी न्हवं, आज्जे. ह्यी पाबळची हाय." दुसरी आली. "ह्यी नगरची." तिसरी. "ह्यी रांजणगाव मार्गे, आपली न्हाई."

मला वाटलं, रंगावरून किंवा ड्रायव्हरवरून ओळखत असेल. पण म्हातारी म्हणाली, "हिच्याबगर मला घराभाईर पडता येत न्हाई. समदं वाचती. सणसवाडीवरनं लेकीचं पत्र येतं, त्ये बी वाचती. वस्तीवरल्या समद्यांची वाचती."

खांबावर पाटी होती. मी नकुशीला ती दाखवली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, परवानगी आहे ना असं. मग न अडखळता वाचलं, "प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी स्वतः घ्यावी. चालत्या गाडीत चढू अगर उतरू नये." 'अगर' सुद्धा.

"तुला वाचायला कधीपासून येतं?"

"तिसरीतनं, गुरुजी. पयल्या दिशी भ्या वाटलं व्हतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "उजवा हात वर केला व्हता की. तुम्ही म्हनला चुकला."

त्यांची गाडी लागली. नकुशीने पाटी वाचली, म्हातारीचा हात धरला आणि चढली. मी पेपर न घेताच घरी आलो. रतनने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, नाही. ती पुन्हा मशीनवर बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, १३ जानेवारी

भिमाजींच्या विहिरीवर गेलो. मिरचीला पाणी चाललं होतं. म्हटलं, "भिमाजी, नकुशीला पाचवीला घाला. पोरगी हुशार आहे."

त्यांनी खोऱ्याने पाण्याचं बारं वळवलं, मग म्हणाले, "तवा तर तुम्हीच म्हनला, जेमतेम हाय."

"आता सुधारली."

"पाच म्हैन्यात?" ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं. "म्या भनीला सबुद दिला, गुरुजी. मे म्हैन्यात पोरगी धाडतो म्हनलो. आता काय सांगू तिला? तवा तुम्ही काय बगून सांगितलं, आन् आता काय बगून सांगताय?"

तवा मी काहीच बघितलं नव्हतं, हे एक वाक्य होतं. ते बोललो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण ते बोललं की मागचं सगळं येतं, भाकरीचा पाठ, साहेब, दौंडचे नव्वद शिक्षक, ते तेवीस हात. माझ्या तोंडून निघालं, "मुलं अशी अचानक सुधारतात."

"मंग चारचौघांम्होरं दावा. म्या येतो बगाया."

घरी येऊन बघतो तर मारुतरावांची चिठ्ठी. चार फेब्रुवारीला माझ्या शाळेत नमुना पाठ. साहेब येणार, पुण्याहून प्रशिक्षणाचे लोक येणार, दोन्ही तालुक्यांतले तीस शिक्षक येणार, पालकांनाही बोलवा म्हणे. आता चारचौघं कमी पडायचे नाहीत.

मंगळवार, २ फेब्रुवारी

मी सापळ्यात अडकलोय आणि सापळा मीच लावलाय. गेले पंधरा दिवस झोपताना तेच, उठताना तेच.

पाठात युक्ती वापरली नाही तर दहा-बारा हात वर होतील. साहेबांचं नाक कापलं जाईल, मग माझं. वापरली तर जन्मभर वापरत राहावी लागेल. मधला मार्ग काढलाय. युक्ती तशीच ठेवायची आणि नकुशीला उजव्यांत घ्यायचं. आज तिला सांगितलं, "परवा तू उजवा हात वर करायचा. मी तुला विचारणार." दोरा कापायला ब्लेड काढलं तर तिने हात मागे घेतला. "आज्जी रागं भरंल. हळद लावलीया."

राहू दिला. दोऱ्याने काय होतंय?

गुरुवार, ४ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहितो.

खोली गच्च भरली होती. मुलं सतरंजीवर, मागे शिक्षक, दारात वस्तीवरचे लोक. भिमाजी चौकटीला टेकून उभे होते, डोक्यावर टोपी. टेबलाजवळ साहेब आणि पुण्याचे दोघं. शेवंताबाई खिडकीपाशी बसल्या होत्या.

मराठीचा पाठ होता. उतारा मी वाचून दाखवला. प्रश्न विचारला, "पुढचा परिच्छेद कोण वाचेल?"

एक्केचाळीस हात वर. मी नकुशीकडे बघितलं. तिचा डावा वर होता. दोऱ्याचा.

दोनच दिवसांपूर्वी सांगितलं होतं. पण सात महिने मी तिला रोज शिकवलं होतं ते दुसरं. एवढी माणसं बघून हात आपोआप गेला असणार. मी विचार केला, हात कुठलाही असो, वाचता तर येतंय. म्हटलं, "नकुशी, वाच."

ती उठली. पुस्तक उघडलं नाही. माझ्याकडे काळजीने बघत होती, मी काहीतरी विसरलोय आणि माझी फजिती होणार आहे, अशी. मनगट जरा पुढे करून दोरा मला दाखवला. मी पुन्हा म्हटलं, "वाच, बाळ."

मग ती हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "गुरुजी, डावा हाय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तीस शिक्षकांना कळलं. साहेबांना कळलं की नाही ते तेव्हा कळलं नाही. पुण्याच्या बाईंनी विचारलं, "डावा म्हणजे काय?"

भिमाजी चौकट सोडून सरळ उभे राहिले होते. त्यांच्याकडे बघून मी बोललो. म्हणजे साहेबांना सांगायचं धाडस नव्हतं, भिमाजींना सांगणं भाग होतं. "डावा म्हणजे येत नाही. मीच शिकवलंय. डाव्यांना मी विचारत नाही. भिमाजी, ह्या पोरीला मी वर्षभर काही विचारलंच नाही. ऑगस्टात तुम्हाला सांगितलं ते न बघताच सांगितलं. तिला तिसरीपासून वाचता येतंय."

पुस्तकातला उतारा पाठ असेल असं कुणी म्हणू नये म्हणून टेबलावरचा जो कागद हाताला आला तो तिला दिला. "हे वाच."

तिने वाचलं. "पाठ-निरीक्षण अहवाल. दिनांक चार फेब्रुवारी. सर्व विद्यार्थ्यांचा सहभाग शंभर टक्के. एकही विद्यार्थी मागे नाही. पाठ उत्कृष्ट. सही."

साहेबांचा अहवाल होता. पाठ अजून अर्धाही झाला नव्हता.

ह्या वेळी हसले ते दारातले लोक. त्यांना अहवाल कळला म्हणून नाही, पोरीने एवढं अवघड फडाफडा वाचलं म्हणून. बानूबाईने नातीची दृष्ट काढत कानशिलांवर बोटं मोडली. भिमाजी हसले नाहीत. कधी निघून गेले ते मला दिसलंच नाही.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

वाटलं होतं आज निलंबनाचा कागद येईल. मारुतराव आले, हात हलवत. म्हणाले, "साहेबांचा निरोप आहे. काल काही झालेलं नाही. मुलं निर्भीड आहेत, असं अहवालात घालतायत."

"आणि शंभर टक्के?"

"ते तसंच. तुमचं नाव पुढच्या बॅचलाही आहे. मे महिन्यात, दौंडलाच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मोठ्याने कबूल करून तुम्हाला वाटलं सुटलात? साहेब खोटे पडले तरच तुम्ही खोटे पडणार. आणि ते पडणार नाहीत."

मला खरंच सुटल्यासारखं वाटलं होतं. एक रात्र.

शनिवार, २० फेब्रुवारी

युक्ती बंद. मुलांना सांगितलं, आता हात एकच, उजवा, आणि तो ज्याला येत नाही त्याने वर करायचा. न लाजता.

पंधरा दिवस झाले, एकही हात वर आलेला नाही. एक्केचाळीस मुलं हाताची घडी घालून माझ्याकडे बघतात. मी विचारतो, "सगळ्यांना समजलं?" सगळे एका सुरात, "होऽऽ." समजलेलं नाही हे मला दिसतं. एवढं चांगलं त्यांना मी दुसरं काही शिकवलेलं नाही.

भिमाजी त्या दिवसापासून बोलत नाहीत. वाटेत दिसले तर टोपीला हात लावतात.

शनिवार, १७ एप्रिल

वार्षिक परीक्षा संपली. नकुशी अजून माझ्या शाळेत आहे, पुढच्या महिन्यात कुठं असेल ते भिमाजींना माहीत. तिचं प्रगतिपत्रक असं झालं पाहिजे की ते दाखवून तिला कुणीही प्रवेश देईल, आणि न पाठवायला भिमाजींना कारण उरणार नाही. निदान एवढं माझ्या हातात आहे. मराठी अ, परिसर अभ्यास अ, गणित अ. टाक दोनदा धुऊन लिहिलं.

गणिताच्या पेपरात भागाकाराची दोन उदाहरणं अवघड होती. नेहमीप्रमाणे ती फळ्यावर सोडवून दाखवली, सगळ्यांनी उतरवून घेतली. निकाल चांगला लागतो आणि मुलंही खूश असतात.

शनिवार, १ मे

झेंडावंदन झालं, निकाल वाटला. मुलं पेढ्याच्या पुड्या घेऊन गेली. मी रजिस्टर आवरत होतो तोवर दारात सावली पडली. भिमाजी, मागे नकुशी.

"दाखला पायजेल, गुरुजी."

विचारलं, "सणसवाडीसाठी?"

"सणसवाडीला दाखला कशाला लागतोय?" ते पहिल्यांदाच जरा हसले. "न्हावऱ्याच्या शाळंसाठी. भनीला सांगितलं, दुसरं कुनीतरी बग. चार दिस बोलली न्हाई, मंग बोलाया लागली." आणि मग, माझ्याकडे न बघता, "त्या दिशी तुम्ही समद्यांम्होरं बोलला. म्या घरी जाऊन इचार केला. म्हनलं, गुरुजीचं काय जायाचं व्हतं गप ऱ्हायला?"

दाखला लिहिला. माझं अक्षर पहिल्यांदा वाकडं आलं. नकुशीच्या हातात दाखला आणि प्रगतिपत्रक दिलं. मनगटावर दोरा नव्हता, कधी काढला ते विचारलं नाही. माझी साडेअकराची गाडी होती, म्हणून पिशवी उचलली. सोमवारी दौंडला उभं राहून काय बोलायचं ते गाडीत ठरवायचं होतं. अजून ठरलेलं नाही.

नकुशी जागची हलली नाही. प्रगतिपत्रक उघडून माझ्या सुंदर अक्षरातला गणिताचा 'अ' बघत होती. मग तिने ते मिटून काखेत धरलं आणि हात वर केला. रिकाम्या वर्गात, माझ्यापासून चार हातांवर उभी राहून. उजवा, कोपरातून ताठ.

"काय गं?"

"मला भागाकार येत न्हाई, गुरुजी. बाकी उरती त्यो. पाचवीत इचारत्याल."

फेब्रुवारीपासून मी ह्या हाताची वाट बघत होतो. आणि तिला गणितात 'अ' देताना मी पुन्हा तिला काही विचारलं नव्हतं.

बाहेर रस्त्यावर शिरूरची गाडी हॉर्न वाजवत थांबली. भिमाजींनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. "व्हऊं द्या तुमचं," ते म्हणाले. "म्या बसतो हितं."

मी पिशवी खाली ठेवली आणि खडू शोधला. सत्तेचाळीस भागिले पाच.